पत्ता लोअर परळ

मागच्या मे महिन्यात मामेबहिणीच्या मुलीच्या लग्नाला आम्ही खेडला गेलो होतो. वधूवरांनी त्रिशरण-पंचशील घेतलं, मंगलपरिणय झाला, पंगती बसल्या. माझ्या शेजारी बसलेल्या एका पाहुण्या बाईंनी विचारलं, “ताई, तुम्ही मुंबईत कुठं राहता?” मी म्हटलं, “लोअर परळला.” त्या बाई वाढता हात थांबवून माझ्याकडे पाहतच राहिल्या. “अगो बया! म्हणजे ते मोठमोठे टॉवर आहेत तिथं? मग तुमचं काय, मज्जा आहे!”

मी हसले. पण मनात म्हटलं, बाई गं, माझ्या घरी महिनाअखेरीस ये आणि डब्यातली डाळ बघ.

असा अनुभव मला नेहमीच येतो. बँकेत फॉर्म भरताना, मुलाच्या कॉलेजात, दवाखान्यात. पत्ता सांगितला की समोरच्या माणसाचा आवाज एकदम मऊ होतो. पगार सांगितला की पुन्हा पूर्वीसारखा होतो. मी इथल्याच एका पतपेढीत कारकून आहे. रात्रशाळेत शिकून बी. कॉम. झाले. हातात साडेतेवीस हजार रुपये पडतात. माझे यजमान बसवर वाहक आहेत. आम्ही दोघं, दोन मुलं आणि माझी आई, अशी पाच माणसं आम्ही तीनशे चौरस फुटांच्या घरात राहतो आणि त्या घराची किंमत एक कोटीच्या वर आहे, असं दलाल सांगतात. आमच्यासारखे लखपती-कोट्यधीश या वस्तीत पुष्कळ आहेत, बंधू-भगिनींनो! भाजी घेताना मात्र पाव किलोच घेतात.

ही गोष्ट लिहायचं कारण असं की गेल्या वर्षी आमच्याच घरात हे घर विकायचं की ठेवायचं यावरून मोठा प्रसंग उभा राहिला. असे प्रसंग आज आपल्या समाजातल्या अनेक घरांत उभे आहेत. वरळीला आहेत, नायगावला आहेत, डिलाईल रोडला आहेत. म्हणून घरातली गोष्ट चारचौघांत सांगते आहे.

आधी ही जागा काय होती ते सांगायला हवं. कारण आमच्या मुलांना वाटतं की इथं पूर्वीपासून काचेच्या इमारतीच होत्या.

माझे आजोबा रत्नागिरी जिल्ह्यातून मुंबईला आले आणि गिरणीत लागले. ते रिंग खात्यात होते. पुढे माझे वडीलही १९७० साली बदली कामगार म्हणून लागले, तेही रिंग खात्यातच. आमचे वडील, त्यांना आम्ही दादा म्हणायचो, सांगायचे की विणाई खात्यात पगार जास्त, पण आपल्या माणसाला तिथं पूर्वी उभंही करत नसत. का? तर धोट्यातलं सूत बदलताना ते भोकातून तोंडाने ओढून घ्यावं लागे. एकाच्या तोंडाचा धोटा दुसऱ्याच्या तोंडाला लागे. अस्पृश्याच्या तोंडाचा धोटा सवर्ण कामगाराला चालत नसे. लाल बावटा खांद्यावर असला तरी चालत नसे! १९२८ च्या मोठ्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हाच प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे ठेवला की विणाई खातं आमच्या माणसांना खुलं करणार की नाही ते आधी सांगा. दादांच्या काळापर्यंत कायद्याने सगळं बदललं होतं. पण जॉबर आपापल्या गाववाल्यांनाच पुढे घ्यायचे, त्यामुळे बापाच्या खात्यात मुलगा हीच रीत राहिली.

बाबासाहेब स्वतः याच भागातले. परळच्या पोयबावडीजवळच्या बी. आय. टी. चाळीत त्यांनी आयुष्याची बरीच वर्षं काढली. तिथल्या दोन खोल्यांत राहून ते शिकले, बॅरिस्टर झाले, लढे उभारले. ९ मार्च १९२४ ला परळच्या दामोदर हॉलमध्ये त्यांनी जी सभा बोलावली तिच्यातून बहिष्कृत हितकारिणी सभा उभी राहिली. १९३६ साली त्यांनी स्वतंत्र मजूर पक्ष काढला, आणि ७ नोव्हेंबर १९३८ चा संप झाला तेव्हा याच गिरणगावातले कामगार त्यांच्या शब्दावर रस्त्यावर उतरले. म्हणजे आपण या भागात भाडोत्री म्हणून असू, उपरे म्हणून नाही. ही गोष्ट मी माझ्या मुलांना मुद्दाम सांगते.

आमची चाळ एका गिरणीच्या मागच्या बाजूला होती. एकूण चार चाळी. चौथ्या नंबरची, नाल्याकडे तोंड असलेली चाळ आपल्या लोकांची. चाळीस बिऱ्हाडं. तशी पाटी कुठं लावलेली नव्हती, पण टपालवाल्यापासून सगळ्यांना ठाऊक होतं. दहा बाय बाराच्या खोलीत आम्ही आठजण आणि वर दोन गाववाले. तीन पाळ्यांमुळे झोपायला जागा मिळायची, कारण एक उठला की त्याच्या वळकटीवर दुसरा आडवा व्हायचा. खाली एक खोली समाजाने वर्गणी काढून विहारासाठी घेतली होती. सकाळी वंदना, संध्याकाळी मुलांचा अभ्यास. कारण घरात दिवा एक आणि माणसं दहा!

१८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला. अडीच लाख कामगार बाहेर पडले. मी तेव्हा दोन वर्षांची, म्हणजे मला काही आठवत नाही. पण तो संप आमच्या घरात पुढे वीस वर्षं चालूच होता. कुणी तो मागे घेतल्याचं अखेरपर्यंत जाहीर केलं नाही. दादा रोज सकाळी गिरणीच्या गेटपर्यंत जाऊन यायचे. मग हळूहळू जाणं बंद झालं. दादरच्या बाजारात हमाली, नंतर एका गोदामावर रातपाळीचा पहारा. गावाला थोडीफार जमीन असलेले गाववाले परत गेले. आपल्याकडे गावाला काय होतं परत जायला? नावापुरती वतनाची तुकडा-तुकडा जमीन, तीही भावकीत वाटलेली.

घर धरलं ते आईने. तिने खानावळ सुरू केली. पहाटे चारला उठून पन्नास-साठ भाकऱ्या थापायची. बोंबलाचं कालवण, वालाची उसळ. बारा माणसं जेवायला होती, संपात ती पाच झाली आणि त्यांतल्या तिघांकडे पैसे नव्हते. आईने त्यांना उपाशी ठेवलं नाही. ती वही तिने अजून जपून ठेवली आहे. “कुणी येईल परत द्यायला,” असं ती हसत म्हणते. त्या वहीतली बेरीज-वजाबाकी करता करता माझं गणित पक्कं झालं. मी कॉमर्सला गेले त्याचं मूळ त्या वहीत आहे.

नंतर गिरण्यांचं काय झालं ते सर्वांना माहीत आहे, तरी थोडक्यात सांगते. मुंबईतल्या गिरण्यांच्या ताब्यात सहाशे एकरांच्या आसपास जमीन होती. १९९१ च्या नियमाप्रमाणे जमीन विकासाला काढली तर साधारण एक तृतीयांश महापालिकेला मोकळ्या जागेसाठी, एक तृतीयांश म्हाडाला घरांसाठी आणि उरलेली मालकाला, असं ठरलं होतं. २००१ साली नियम बदलला. वाटणी फक्त आधीपासून मोकळ्या असलेल्या जागेची, शेडखालच्या जागेची नाही, असा अर्थ आला. २००६ साली सर्वोच्च न्यायालयानेही त्यावर शिक्कामोर्तब केलं. एका शब्दाच्या फरकाने केवढी जमीन हातची गेली! फिनिक्स मिलचा मॉल झाला, श्रीनिवास मिलच्या जागी आभाळाला टेकणारे टॉवर आले, ज्युपिटर मिलच्या जागी कचेऱ्या आल्या. दादांच्या जुन्या भोंग्याच्या वेळेला आता तिथं लिफ्टपुढे रांगा लागतात.

एका गिरणीच्या जमिनीचा निकाल मात्र वेगळा लागला. दादरच्या इंदू मिलची साडेबारा एकर जागा बाबासाहेबांच्या स्मारकासाठी मिळाली. त्यासाठी ६ डिसेंबर २०११ ला आपली माणसं आत घुसून बसली होती, हे विसरता कामा नये. ११ ऑक्टोबर २०१५ ला भूमिपूजन झालं. मागितल्याशिवाय आणि भांडल्याशिवाय या शहरात जमिनीचा तुकडा कुणी देत नाही, एवढा धडा त्यातून घ्यावा.

आमच्या चाळी एका बिल्डरकडे गेल्या. २००९ साली आम्हाला संक्रमण शिबिरात हलवलं. त्याच्या आदल्याच वर्षी दादा वारले होते. आई एकटी पडू नये म्हणून आम्ही दिव्याची भाड्याची खोली सोडून तिच्याकडे राहायला आलो. पत्र्याच्या त्या शिबिरात पाच वर्षं काढली. मी तेव्हा रहिवासी समितीत होते. समितीत बाई मी एकटीच. सभेत कुणी बोलू देत नसे, पण करारनामा वाचता येणारी मीच असल्यामुळे शेवटी माझ्याकडेच यावं लागे. विहाराची खोली करारात धरलेली नव्हती. “धार्मिक जागा धरत नाही,” असं उत्तर आलं. मग आम्ही अर्जात लिहिलं की ही अभ्यासिका आहे, इथं तीस वर्षं मुलं शिकताहेत, आणि जोडीला मुलांच्या सह्या घेतल्या. दोन वर्षं खेटे घातले. शेवटी तळमजल्यावर जिन्यालगत एक खोली मिळाली. पाणी मीटरच्या बाजूला आहे, भिंतीला ओल येते, पण आहे!

२०१४ साली चावी मिळाली. त्या दिवशीचं खरं सांगते, उगाच जुन्या चाळीचे गोडवे गात नाही. चाळीत प्रेम होतं, शेजार होता, हे सगळं खरं. पण मजल्याच्या टोकाला चार संडास आणि चाळीस बिऱ्हाडं हेही खरं. रात्री बाईमाणसाला जायचं तर कुणाला तरी उठवून सोबत न्यावं लागे. तरुण मुली संध्याकाळपासून पाणी पीत नसत. नव्या घरात आल्यावर आईने काय केलं असेल? सगळं घर सोडून ती आधी संडासात गेली, दाराची कडी लावली, काढली, पुन्हा लावली. बाहेर येऊन म्हणाली, “आतून लागते.” साठी ओलांडलेली बाई! मला हसावं की रडावं कळेना.

दुसरी चांगली गोष्ट अशी की घरं सोडतीने मिळाली. त्यामुळे चार नंबरची चाळ मोडली. आमच्या शेजारी एक नंबरच्या चाळीतले लोक आले, ज्यांच्या नळावर पूर्वी आमची आई घागर लावत नव्हती. पहिलं वर्ष दारं बंद असायची. मग कोरोना आला. २०२० च्या एप्रिलमध्ये त्यांच्या घरातले दोघं आजारी पडले तेव्हा आईच्या हातच्या भाकऱ्या दाराशी जात होत्या. आता दारं उघडी असतात. एक भिंत पडली.

पण दुसरी उभी राहिली. आमच्या आवारात दोन इमारती आहेत. पुढे पंचेचाळीस मजली टॉवर, तो विक्रीचा. मागे आमची तेवीस मजली, ती पुनर्वसनाची. टॉवरला मोठ्या रस्त्यावर गेट, संगमरवर, कारंजं. आम्हाला मागच्या गल्लीतून गेट, जिथं पूर्वी नाला होता. मध्ये भिंत. त्यांच्या खिडक्या समुद्राकडे, आमच्या खिडक्या त्यांच्या गाड्या ठेवायच्या मजल्यांकडे. दुपारी बारानंतर आमच्या घरात ऊन येत नाही. आमच्या इमारतीतल्या पंधरा-वीस बाया टॉवरमध्ये धुणं-भांडी, स्वयंपाक, मुलं सांभाळायला जातात. त्यांना वेगळी लिफ्ट आहे आणि गेटवर पिशव्या तपासतात. चार नंबरच्या चाळीसाठी पूर्वी पाटी लागत नव्हती. आता पाटी लावलेली आहे, आणि ती जातीवर नसून कामावर आहे, एवढंच. बाबासाहेबांनी श्रमाची नव्हे, श्रमिकांचीच विभागणी झाल्याचं दाखवून दिलं होतं. तेच इथं लिफ्टपर्यंत येऊन पोचलं आहे.

श्रीमंत वस्तीत गरिबाने राहायचं म्हणजे काय, ते बाजारात कळतं. कोपऱ्यावरचा केशकर्तनालयवाला गेला, तिथं कॉफीचं दुकान आलं. एका कॉफीच्या पैशांत आमची दोन दिवसांची भाजी येते. भाजीच्या गाड्या रस्त्यावरून उठवल्या. शिंपी गेला, सायकल दुरुस्तीवाला गेला, खानावळी गेल्या. आमच्या गिरणगावात आता गिरणी उरली ती फक्त पिठाची, तीही एकच, आणि तिच्या मालकालाही दलालांचे फोन येतात! इमारतीचा देखभाल खर्च दरमहा बावन्नशे रुपये. चाळीचं भाडं शंभराच्या आत होतं. लिफ्ट, पंप, आग विझवण्याची यंत्रणा, पहारेकरी, सगळ्याला पैसे लागतात आणि ते थकले तर लिफ्ट बंद होते. तेवीस मजल्यांच्या इमारतीत लिफ्ट बंद म्हणजे म्हाताऱ्या माणसाला घरकैद.

आणि ही भपकेबाज वस्ती आतून किती कच्ची आहे तेही आम्ही पाहिलं आहे. २९ सप्टेंबर २०१७ ला तेव्हाच्या एल्फिन्स्टन रोड स्टेशनच्या पुलावर चेंगराचेंगरी होऊन २३ माणसं गेली. गिरणीच्या पाळ्यांसाठी बांधलेल्या अरुंद जिन्यांवर हजारो कचेऱ्यांची माणसं आली, पण जिना रुंद करायचं कुणाला सुचलं नाही. त्याच वर्षी २९ डिसेंबरला कमला मिलच्या आवारात गच्चीवरच्या हॉटेलांना आग लागून १४ जण मेले. पुढच्या वर्षी जुलैत डिलाईल रोडचा पूल धोकादायक म्हणून बंद केला, तो पूर्ण सुरू व्हायला नोव्हेंबर २०२३ उजाडला. पाच वर्षं आम्ही वळसा घालून चालत होतो. काचेची इमारत तीन वर्षांत उभी राहते, चालणाऱ्याचा पूल मात्र रखडतो.

आता मूळ गोष्टीवर येते.

माझा धाकटा भाऊ बदलापूरला राहतो. कर्ज काढून त्याने दोन खोल्या घेतल्या. टाळेबंदीत त्याची नोकरी गेली, नंतरची मिळाली ती निम्म्या पगाराची. हप्ते थकले, नोटीस आली. मागच्या वर्षी गणपतीच्या सुट्टीत तो आणि वहिनी आले. चहा झाल्यावर त्याने खिशातून दलालाचं कार्ड काढून आईपुढे ठेवलं. “आई, एक कोटी दहा लाख म्हणतोय. विकून टाकू. निम्मे ताईला, निम्मे मला. तू दोघांकडे राहा. या श्रीमंतांच्या बुडाखाली राहून काय मिळतंय तुम्हाला?”

माझे यजमान गप्प बसले. खरं सांगायचं तर माझंही मन हललं. एक कोटी दहा लाख! आमच्या सात पिढ्यांनी मिळून एवढं कमावलं नसेल. मुलगा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला, मुलगी दहावीला.

त्या रात्री मला झोप आली नाही. उठले, आईच्या खानावळीच्या वहीसारखी एक वही घेतली आणि हिशेब मांडला. तो जसाच्या तसा इथं देते, कारण असा हिशेब करायची पाळी अनेकांवर येणार आहे.

मिळणार १ कोटी १० लाख. दलालाचे दोन टक्के म्हणजे २ लाख २० हजार गेले. उरले १ कोटी ७ लाख ८० हजार. निम्मे म्हणजे ५३ लाख ९० हजार. कर काही बसला तर तो वेगळा. बदलापूरला बऱ्या दोन खोल्या ४० लाख, मुद्रांक आणि नोंदणी तीन लाखांवर. हातात दहा-साडेदहा लाख. त्याचं बँकेतलं व्याज सात टक्क्यांनी धरलं तर महिन्याला सहा हजार. ही झाली जमा. आता खर्च बघा. माझी पतपेढी आज चालत बारा मिनिटांवर आहे. बदलापूरहून जाऊन-येऊन तीन तासांच्या वर. महिन्याचे पंचवीस दिवस धरले तर पंचाहत्तर तास गाडीत उभं राहायचं. यजमानांची पहाटेची पाळी असते, पहिली गाडी धरूनही पोचणं कठीण. मुलाचं कॉलेज माटुंग्याला. आईची औषधं परळच्या मोठ्या सरकारी-पालिकेच्या दवाखान्यांतून येतात, जिथं ती अर्ध्या तासात पोचते. हे सगळं सहा हजारांत विकायचं का?

आणि दुसरा हिशेब माझ्या टेबलावर रोजच होता. आमच्या चाळीतली जी घरं विकली गेली, त्यांतल्या काहींचे पैसे आमच्या पतपेढीत ठेवीत आले. नावं सांगत नाही. कारकुनाने ती सांगायची नसतात. पण पाहिलं ते सांगते. पहिल्या वर्षी मोटारसायकल, लग्नाचा मोठा हॉल. दुसऱ्या वर्षी ठेव मोडून कुणाच्या तरी सांगण्यावरून कुठल्या तरी दामदुप्पट योजनेत. तिसऱ्या वर्षी तीच माणसं माझ्यापुढे कर्जाचा फॉर्म मागायला उभी. सगळ्यांचं असं झालं नाही. दोन कुटुंबांनी नीट जमीन घेतली, मुलांना शिकवलं, सुखात आहेत. पण पैसा हातात येणं आणि पैसा सांभाळणं यांत अंतर असतं, आणि आपल्याला तो सांभाळायची सवय कुणी लागू दिलेली नाही.

सकाळी मी वही आईपुढे ठेवली. आईला वाचता येतं ते विहारातल्या प्रौढवर्गामुळे. तिने बोट ठेवून एकेक आकडा वाचला. मग भावाला म्हणाली, “तुझा हप्ता किती थकलाय ते आधी सांग. घराची किंमत नंतर सांग.”

थकले होते ३ लाख ८० हजार. एवढ्यासाठी एक कोटीचं घर निघालं होतं! भाऊ खाली मान घालून बसला. वहिनी रडू लागली. म्हणाली, “ताई, रोज बँकेची माणसं दाराशी येतात. शेजारी बघतात.” मला स्वतःचीच लाज वाटली. मी दुसऱ्यांच्या कर्जाचे फॉर्म भरते आणि सख्ख्या भावाचा फास मला दिसला नव्हता. तो वर्षभर फोनवर “बरं चाललंय” म्हणत होता आणि मी ते ऐकून फोन ठेवत होते.

शेवटी असं ठरलं. मी आणि यजमानांनी मिळून चार लाखांचं कर्ज काढलं आणि त्याचे थकलेले हप्ते भरले. भाऊ दरमहा जमेल तसे परत करतो, त्याची वही ठेवली आहे. बँकेत जाऊन त्याच्या हप्त्याची मुदत वाढवून घेतली, म्हणजे हप्ता कमी झाला. आणि आईने, कारण घर तिच्या नावावर आहे, वकिलाकडून रीतसर मृत्युपत्र केलं, दोन साक्षीदारांपुढे. मुलगा आणि मुलगी यांना समान वाटा. भावाने विरोध केला नाही. मुलगी म्हणून मला वाटा मिळाला याचा मला आनंद झाला तो पैशांपेक्षा दुसऱ्या कारणाने. हिंदू कोड बिलासाठी बाबासाहेबांनी मंत्रिपद सोडलं, ते कशासाठी, हे त्या दिवशी आमच्या घरातल्या कागदावर उतरलं.

मी कुणाला “विकू नका” असा उपदेश करणार नाही. ज्याचं त्याला माहीत. कुणाच्या घरात आजार असतो, कुणाचं कर्ज डोईजड असतं, कुणाला गावाकडे खरंच बरं आयुष्य मिळतं. पण चार गोष्टी कळकळीने सांगते. दलालाचा आकडा ऐकण्याआधी स्वतःची गरज किती आहे तो आकडा काढा. कोऱ्या कागदावर, मुखत्यारपत्रावर वाचल्याशिवाय सही करू नका, आणि म्हाताऱ्या आईबापांची तर मुळीच घेऊ नका. सोसायटीतलं नामांकन आणि वारसा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, त्यामुळे मृत्युपत्र करून ठेवा आणि मुलींना वगळू नका. आणि देखभाल खर्चाची तरतूद घर मिळण्याआधीपासून करा. वरळीच्या बी. डी. डी. चाळींतल्या पहिल्या ५५६ कुटुंबांना १४ ऑगस्ट २०२५ ला नव्या घरांच्या चाव्या मिळाल्या. एकशे साठ चौरस फुटांतून पाचशेत गेली ती माणसं. त्यांचं अभिनंदन! पण भगिनींनो, चाळीस मजली इमारत ही चाळ नसते. तिचा खर्च आज ना उद्या आपल्याच पदरात पडतो. महिन्याला पाचशे-हजार बाजूला टाकायची सवय आजपासून लावा, बचतगट असेल तर त्यातून लावा.

गिरणी कामगाराच्या घरासाठी आईने दादांच्या नावाने फॉर्म भरला होता. २०१२ च्या पहिल्या सोडतीत ६,९२५ घरं होती आणि अर्ज लाखाच्या वर. आमचा नंबर लागला नाही. आता शेलू-वांगणीला घर घ्या म्हणतात. ज्यांनी मुंबई उभी केली त्यांना मुंबईबाहेर! आई अजून प्रत्येक मोर्चाला जाते. गुडघे दुखतात, तरी जाते. “मला नको घर,” म्हणते. “पण हक्क कशाला सोडू?”

राहिली गोष्ट अभ्यासिकेची. चाळीस बिऱ्हाडांपैकी आपली सतराच आता या इमारतीत राहिली आहेत. दोन वर्षांपूर्वी अशी पाळी आली की वर्गात पाचच मुलं उरली. समितीत काहीजण म्हणाले, खोली भाड्याने देऊ, उत्पन्न तरी येईल. मी एक महिन्याची मुदत मागितली. इमारतीतल्या ज्या बाया टॉवरमध्ये कामाला जातात त्यांना विचारलं, तर कळलं की तिथल्या ड्रायव्हरांची, पहारेकऱ्यांची, स्वयंपाकिणींची मुलं संध्याकाळी खाली गाड्यांच्या मजल्यावर आईबापांची वाट बघत बसून असतात. म्हटलं, पाठवा त्यांना आमच्याकडे. आधी दोघं आली, मग सहा. आज एकोणीस मुलं आहेत. त्यात बिहारचा मुलगा आहे, यवतमाळची मुलगी आहे, एक नंबरच्या चाळीतल्या शेजाऱ्यांचा नातू आहे. कुणाची जात आम्ही विचारत नाही. संध्याकाळी सात ते नऊ. मी गणित घेते, माझा मुलगा विज्ञान घेतो. यंदा त्यातली एक मुलगी, टॉवरमध्ये पोळ्या करणाऱ्या बाईची, बारावीला कॉमर्समध्ये ब्याऐंशी टक्के मिळवून पास झाली. ती पेढे घेऊन आली तेव्हा आईने तिला जवळ बसवून विचारलं, “पुढे काय शिकणार?” ती म्हणाली, “बी. कॉम., ताईंसारखं.”

आई म्हणाली, “बी. कॉम. कर, पण ताईसारखी कारकून होऊन थांबू नको. पुढे जा.”

मी काही बोलले नाही. आईचं बरोबर होतं.

भाऊ मागच्या रविवारी आला होता. या महिन्याचे तीन हजार त्याने वहीत स्वतःच्या हाताने लिहिले. जाताना अभ्यासिकेत डोकावला, ओल आलेली भिंत पाहिली आणि म्हणाला, “ताई, पुढच्या रविवारी येतो. रंग काढून सिमेंट मारू या.”

जयभीम!